नवे बूट जुने करायची हौस

चेनकाकूंच्या दुकानात दोन माणसं एकदम उभी राहू शकत नाहीत. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला इमारतीचा जिना, आणि मधे उरलेल्या फटीत काकू, त्यांचं शिवणयंत्र आणि चेनच्या रनरांनी भरलेले तीन डबे. बावीस वर्षं त्या तिथे बसून लोकांच्या बॅगा दुरुस्त करतात. शाळेची दप्तरं, ऑफिसच्या बॅगा, आणि डोंगर चढणाऱ्यांच्या त्या पाठभर मोठ्या सॅक. काम असं पक्कं की बॅग फाटेल, पण काकूंची शिवण उसवणार नाही. ही माझी तारीफ नाही हो, गिऱ्हाइकंच सांगतात.

तर या सॅकांनीच काकूंना नादाला लावलं. चेनच्या दातांत अडकलेली गवताची कुसळं, तळाशी बसलेली लालसर वाळू, एखाद्या खिशात विसरलेला गोल गुळगुळीत दगड. हे सगळं साफ करता करता काकूंच्या डोक्यात आलं की आपण शिवलेल्या पिशव्या एवढ्या उंचावर जाऊन आल्या, आणि आपण मात्र जिन्याखाली. एक दंतवैद्य दर वर्षी सॅक घेऊन यायचा. मोठ्या डोंगराच्या माथ्यावरून दोन्हीकडच्या दऱ्या दिसतात म्हणे. "काकू, एकदा तरी या," असं तो जाता जाता म्हणायचा. लोक जाता जाता काहीही म्हणतात. काकूंनी ते मनावर घेतलं.

आणि मग सुरू झाला खर्च. चालायला पाय लागतात एवढंच काकूंना ठाऊक होतं. दुकानात गेल्यावर कळलं की पाय सोडून सगळं लागतं. बूट वेगळे, काठी वेगळी, वाऱ्याचं जाकीट वेगळं, पावसाचं वेगळं. मोजे विचारले तर दुकानदाराने किंमत सांगितली आणि काकूंनी परत विचारलं, "डझनाची का?" एका जोडीची होती. सॅक तर त्यांनी उलटीपालटी करून, शिवणी मोजून, दुकानदाराला दोन चुका दाखवून मगच घेतली. सगळं मिळून जे बिल झालं त्यात दुकानात दुसरं शिवणयंत्र आलं असतं. घरी यजमानांनी एवढंच विचारलं, "अगं, वर जाऊन काय आणायचंय?" काकू म्हणाल्या, "अहो, आणायचं काही नाही, बघून यायचंय." त्यावर ते पेपरात तोंड घालून बसले ते बसलेच.

पहिल्या वर्षी काकू पायथ्यापर्यंत पोचल्या. तिथे सगळ्यांनी एका लांबलचक खोलीत झोपायचं असतं. काकूंनी सॅक साखळीने खाटेला बांधली, वर कुलूप. सकाळी उठून बघतात तर साखळी आहे, कुलूप आहे, कुलपात अडकलेला सॅकचा पट्टाही आहे. सॅक तेवढी नाही. जाकीट, काठी, ते सोन्याच्या भावाचे मोजे, सगळं त्यातच. वर थंडी मरणाची, जाकिटाशिवाय सोडेनात. काकू पट्टा घेऊन परत.

दुसऱ्या वर्षी अर्ध्या वाटेवरच्या निवाऱ्यापर्यंत मजल गेली. तिथला नियम असा की बूट बाहेरच्या फळीवर काढायचे, आत चिखल नको. काकूंनी काढले. सकाळी फळीवर त्यांच्या जागी दुसऱ्याच कुणाचे फाटके बूट, एक तर बिनानाडीचा. निवारा सांभाळणाऱ्या बाईने आपल्या रबरी सपाता दिल्या आणि त्या घालून काकू खाली उतरल्या. चौकीत तक्रार लिहायला गेल्या तर हवालदाराने पेन थांबवून विचारलं, "बाई, एवढे पैसे पायात घालता?" म्हणजे चोर राहिला बाजूला, चूक काकूंचीच.

तिसऱ्या वर्षी काकूंनी परत सगळं घेतलं. यजमानांनी या वेळी पेपरसुद्धा खाली केला नाही. काकूंनी मनाशी धरलं होतं की यंदा माथा गाठायचाच. नाही गाठला तर पुन्हा नाव काढायचं नाही. गुडघे कुरकुरायला लागलेच होते, आणि चौथ्यांदा एवढा खर्च करायचं तोंड त्यांना उरलं नव्हतं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. काकूंनी तर ताकाचं रूपच पालटून टाकलं. त्यांनी विचार केला, चोर काय बघतो? नवेपण. मग नवेपणच दिसू द्यायचं नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आठ दिवस काकू नव्याचं जुनं करत बसल्या. सॅकवर चहाचं पाणी शिंपडलं, यंत्राचं काळं तेल चोळलं, मधोमध विटक्या कापडाचं ठिगळ लावलं. ठिगळाखाली भोक नव्हतंच, पण शिवण अशी वेडीवाकडी की वाटावं, कुणा आंधळ्याने रागाच्या भरात शिवलंय. वेडीवाकडी शिवण घालताना काकूंच्या जिवावर आलं. चार वेळा उसवली, चारही वेळा सरळच येत होती.

बुटांवर तर त्यांनी जीव ओतला. कातडं काचपेपरने घासलं, आणि दोन्ही बुटांच्या पुढच्या टोकाला, तळवा जिथे चिकटतो तिथे, जुन्या टायरचा काळा तुकडा बसवला. बघणाऱ्याला वाटावं की तळवा सुटला होता, गरिबाने कसाबसा चिकटवलाय. वर दोन टाके.

नणंद सहज दुकानावरून जात होती. ती काकूंपेक्षा मोठी, बोलायला तिखट.

"काय हो वहिनी, भंगाराचा धंदा पण सुरू केलात?"

"का हो वन्सं?"

"हे बूट कुणाचे? मेलेल्या माणसाचे घेऊ नयेत."

काकूंचा आनंद पोटात मावेना. त्यांनी नणंदेला सगळी करामत सांगितली. नणंद हसून हसून जिन्याला टेकली आणि म्हणाली, "मी पण येते. तुमचं हे सोंग कुठपर्यंत टिकतं ते मला बघायचंय." आली तीही आपले बाजारातले साधे बूट घालून, रोज भाजी आणायला जायचे तेच.

सोंग छान टिकलं. बस बदलायच्या ठिकाणी काकूंनी मुद्दाम सॅक बाकावर टाकली आणि नळावर गेल्या. झाडूवाल्याने ती पायाने बाजूला सरकवली आणि खालचा कचरा काढला. काकू नणंदेला म्हणाल्या, "बघितलंत? हात लावायची सुद्धा इच्छा नाही." पायथ्याच्या खोलीत त्या बिनधास्त झोपल्या. सकाळी सगळं जागच्या जागी. बुटाला तर कुणीतरी ओला टॉवेल अडकवला होता.

आता वर निघायचं. पण निघण्याआधी शिट्टीसर.

शिट्टीसर म्हणजे दर वर्षी डोंगरावर नेणाऱ्या गटाचे म्होरके. आयुष्यभर शाळेत कवायत घेतली, निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी उतरली नाही. मागे त्यांच्या गटातल्या एकाचा बूट वरच्या कड्यावर फाटला होता आणि चौघांनी त्याला पाठुंगळी खाली आणला होता. तेव्हापासून सर निघायच्या आधी सगळ्यांचं सामान ताडपत्रीवर मांडायला लावतात आणि एकेक बूट हातात घेऊन वाकवून बघतात. काकूंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. दोन्ही वर्षी झालंच होतं. पण तेव्हा बूट नवे होते, सरांनी वाकवले आणि ठेवले. काकूंनी आठ दिवस विचार केला तो फक्त चोराचा. सरांचा केलाच नाही.

सरांनी काकूंचा बूट उचलला. परत ठेवला. दुसरा उचलला.

"हे चालणार नाहीत."

"सर, नवे आहेत."

"सगळे असंच म्हणतात."

"अहो, खरंच नवे आहेत. मी मुद्दाम जुने केलेत, चोरीला जाऊ नयेत म्हणून."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. पलीकडे गटातलाच तो सॅकवाला दंतवैद्य दात काढून हसत होता, त्याला तेवढंच काम. नणंद साक्ष द्यायला पुढे झाली. "खरंय सर. वहिनींनी माझ्यासमोर सांगितलं."

"तुमच्यासमोर केलं का?"

"केलं तेव्हा मी नव्हते."

"मग बसा."

काकूंना असा संताप आला. दोन वर्षं नवं होतं म्हणून गेलं, आता जुनं दिसतं म्हणून अडलं. त्यांनी पिशवीतून ब्लेड काढलं. "दाखवते," म्हणाल्या आणि सगळ्यांसमोर सॅकचं ठिगळ उसवायला बसल्या. टाके काढून ठिगळ उचललं, तर खाली कोरं करकरीत कापड. लोक जवळ आले. कुणीतरी टाळी पण वाजवली. शिट्टीसर म्हणाले, "सॅक मान्य. बूट?"

आता इथे एक गोष्ट आहे. दुसऱ्या कुणी हे सोंग केलं असतं तर टायरचा तुकडा कसातरी चिकटवला असता, नखाने निघाला असता. काकूंना कसातरी चिकटवता येत नाही. त्यांनी आधी दोन्ही बाजू घासल्या होत्या, सोल्युशनचे दोन हात दिले होते, मधे वाळवलं होतं, रात्रभर वजनाखाली ठेवलं होतं. खोटं ठिगळ, पण काम खरं.

काकूंनी टाके कापले आणि तुकडा ओढला. हलेना. ब्लेडचं टोक घातलं, तेही मोडलं. दंतवैद्याने खिशातून पक्कड दिली आणि म्हणाला, "सावकाश हं काकू, मुळासकट येईल." काकूंनी पक्कड लावली, पाय टेकवला आणि सगळा राग त्या हातात आणून ओढलं.

तुकडा सुटला नाही. तळवा सुटला. पुढून अर्ध्यापर्यंत, मगरीने जबडा उघडावा तसा.

दंतवैद्याने पक्कड हळूच परत खिशात घातली. 

"दोन तासांत शिवते," काकू खाली बघत म्हणाल्या. "आरी आणि मेणाचा दोरा आणलाय मी. कंपनीपेक्षा पक्का शिवते."

"शिवाल हो," सर म्हणाले. आवाज मऊ होता, आणि त्याचाच काकूंना जास्त राग आला. "पण दोन तास थांबलो तर अंधाराआधी निवारा गाठता येणार नाही. माझ्यामागे अठरा माणसं आहेत."

"मग मी मागून येते."

"वाटेच्या फाटकावरचा माणूस एकट्याला सोडत नाही."

नणंद म्हणाली, "मी थांबते वहिनी तुमच्यासोबत." काकूंनी तिला झटकलं, "तुम्ही कशाला थांबता? तुमचे बूट पास झालेत. जा." भाजीचे बूट सरांनी एकदाच वाकवले होते आणि मान डोलावली होती.

गट निघायच्या तयारीला लागला आणि प्रत्येकाला एकदम आठवलं की आपल्याकडे जास्तीचं सामान आहे. "काकू, तुम्ही आहातच ना, हा कॅमेरा जरा." "काकू, ही बॅग." "मावशी, लॅपटॉप आहे यात, लक्ष असू द्या." बघता बघता काकूंच्या खाटेभोवती ढीग. चोरीला भिऊन ज्या बाईने नव्याचं जुनं केलं, तिच्या गळ्यात अठरा जणांच्या चोरीची काळजी. दंतवैद्य वर म्हणतो, "आता बिनघोर जातो."

काकूंनी बूट शिवला. दीड तासात, अंगणातल्या दगडावर बसून. आरी आरपार, दोरा दुहेरी, प्रत्येक टाक्याला गाठ. संपला तेव्हा फाटकापलीकडची वाट रिकामी होती. फाटकावरच्या माणसाला त्यांनी विचारून बघितलं. तो म्हणाला, "उद्या दुसरा गट आहे, पण त्यांची यादी भरलीय." मग म्हणाला, "पहिल्या वळणापर्यंत जाऊन या हवं तर." काकू चार पावलं गेल्या आणि थांबल्या. मागे खोलीला दार होतं, दाराला कडी होती, कडीला कुलूप नव्हतं. आत अठरा बॅगा. त्या परत आल्या.

मग त्या अंगणातच चालल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, दर फेरीला खिडकीतून डोकावून ढीग बघत. बूट घट्ट बसले होते. टाच घासत नव्हती, बोटं दबत नव्हती, गुडघासुद्धा गप्प होता. काकूंना वाटलं, एखादा फोड तरी यावा. म्हणजे म्हणता येईल की बरं झालं, वर गेलो नाही. दोन दिवस चालल्या, फोड आला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गट उतरला. नणंद सगळ्यात मागे, लंगडत. खाटेवर बसली, बूट काढले, दोन्ही टाचांचे फोड वहिनीला दाखवले. काकूंनी न बोलता पाणी गरम करून आणलं.

"पोचलात?"

"पोचले."

"मग? काय दिसलं?"

नणंदेने पाय पाण्यात सोडले. "खरं सांगू? काही नाही. एवढं धुकं होतं की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. सर म्हणाले हा माथा, म्हणून मी म्हटलं बरं. पाच मिनिटं थांबलो आणि उतरलो. तुम्ही काही गमावलं नाहीत वहिनी."

काकू तिची एक टाच पुसून पट्टी लावत होत्या. हात थांबला.

"धुकं होतं ना?"

"नुसतं पांढरं."

"मग ते पांढरं मला बघायचं होतं," काकू म्हणाल्या. "तुमच्या तोंडून ऐकायचं नव्हतं."

नणंदेने पट्टी लावलेला पाय खाटेवर घेतला. काकूंनी दुसरी पट्टी फाडली, तीही सरळ रेषेत, आणि म्हणाल्या, "दुसरा पाय द्या."