माझ्या आवाजातली जाहिरात

नोकरी सांभाळून मी पुण्यात रेडिओच्या जाहिरातींना आवाज देते. कागद हातात येतो, बंद खोलीत उभं राहून हसऱ्या आवाजात वाचायचं आणि घरी निघायचं. पुढं ते कोण ऐकतं, याचा मी कधी विचार केला नव्हता.

पावसाळ्यात लोणीला माहेरी गेले होते. आई आणि शेजारच्या बायका बराखीतला, म्हणजे साठवणीच्या चाळीतला, कांदा निवडत होत्या. सडका बाजूला, चांगला गोणीत. खांबाला टांगलेला रेडिओ चालू होता. मीही पाटी ओढून बसले, तेवढ्यात माझाच आवाज आला.

"पोटाचा घेर वाढतोय? गोड खाल्ल्याशिवाय राहवत नाही? लाजू नका! आमच्या वजन घटवण्याच्या दवाखान्यात पहिली तपासणी अगदी मोफत!"

"आमच्या पोरीचा आवाज हाय ह्यो!" आई कौतुकानं म्हणाली.

"आगं बया! आमाला तर पाठ झालीया," एकीनं माझी नक्कल करून दाखवली. एक सोडून सगळ्या हसल्या. मीही हसले, पण माझे कान तापले होते. समोर बसलेल्यांपैकी एकीच्याही अंगावर धड मांस नव्हतं. कालवण सगळ्यांना पुरावं म्हणून त्यात पाणी वाढवणाऱ्या या बायका, आणि मी त्यांना गोडाचा मोह आवरायला सांगत होते.

दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर त्यांच्यातली एक जण, जी हसली नव्हती, माझ्याजवळ येऊन बसली.

"वजन कमी करत्यात, तर वाढवून बी देत असतील न्हाई का गं?"

"कुणाचं, मावशी?"

"माझ्या लेकीचं. बाळंतपणाला आलीय, पोर झाल्यापासनं अंगच धरत न्हाई. उठली की डोळ्याम्होरं अंधारी. मोफत हाय म्हनलीस न्हवं?"

"तो दवाखाना तसल्या आजारासाठी नाही, मावशी."

"आसं व्हय." ती ओशाळली. "तूच म्हनत व्हतीस लाजू नका, म्हनून इचारलं."

मला तिच्याकडं बघवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला परतायचा बेत मी मोडला आणि त्या मायलेकींना घेऊन मंचरच्या सरकारी दवाखान्यात गेले. मुलीचं रक्त फार कमी झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला दाखल करून घेतलं. बाटल्या लागल्या, गोळ्या सुरू झाल्या. मावशी तान्ह्याला मांडीवर घेऊन वऱ्हांड्यात बसली. आल्यागेल्याला सांगत होती, "रेडिओवाल्या ताईंनी आणलं आमाला." मी शेजारी उभी होते आणि तिनं ते सांगू नये, असं मला वाटत होतं.

दोनेक महिन्यांनी तिचा फोन आला. लेक आता हिंडतीफिरती झाली होती.

"तुझ्या जाहिरातीनं लई गुण आला बघ," ती म्हणाली.

ती जाहिरात तुमच्यासाठी नव्हतीच, हे तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही. "बरं झालं, मावशी," एवढंच म्हणाले, आणि बाळ पालथं पडायला लागलं का, ते विचारलं.