डोनलचा पीपी नंबर

किस्से फ्रीझरमधल्या डब्यांसारखे असतात. ठेवताना वाटतं, आत काय आहे ते राहील की लक्षात! सहा महिन्यांनी काढावा, तर आमटी आहे की आमरस ते वितळेपर्यंत कळत नाही. परवा श्रूजबरीला आमच्याकडे पॉटलक होतं, तेव्हा कुणीतरी विचारलं, "काकू, हॉलमधली ती हॉकी स्टिक कुणाची हो?" झालं! एक डबा उघडला आणि मागचे आपोआप बाहेर यायला लागले. सगळ्यांच्या ताटातला भात गार झाला.

ती हॉकी स्टिक नाही. ती डोनलची काठी आहे.

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, वूस्टरमधल्या एका लाकडी तीनमजली घरात, मधल्या मजल्यावर राहायचो. प्रकाश, म्हणजे आमचे हे, पीएचडी करत होते. मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे दिवसभर घरात. खालच्या मजल्यावर आयर्लंडहून आलेला डोनल. आठवडाभर लोकांच्या घरांची छपरं दुरुस्त करायचा आणि रविवारी बॉस्टनजवळच्या मैदानावर खेळायचा. तेही एक नाही, दोन खेळ! सकाळी हर्लिंग, म्हणजे रुंद टोकाच्या काठीनं चेंडू हवेतल्या हवेत हाणायचा. दुपारी गेलिक फुटबॉल, त्यात चेंडू हातातही घ्यायचा आणि लाथही मारायची. तिकडे तो आपल्या जिल्ह्याच्या संघातून दोन्ही खेळलेला होता. दमडी मिळत नाही हं यात, सगळी हौस!

मी एकदा विचारलं, "अरे, एक खेळ पुरत नाही का तुला?"

"मिसेस जे, हर्लिंग वडिलांकडचं, फुटबॉल आईकडचं. एकच खेळलो असतो तर घरात कुणीतरी जेवलं नसतं!"

*

त्याचं हर्लिंग पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मैदानावरच ओरडले, "अय्या, हा तर विटीदांडू!"

विटीदांडू म्हणजे काय, ते मला डोनलला समजावून सांगता येईना. मग प्रकाशनं त्याच्याच एका मोडक्या काठीचा दांडू केला आणि उरलेल्या तुकड्याची विटी तासून दिली. मागच्या अंगणात गल खणली. जिल्ह्याचा प्लेअर वाकला, विटी उडवली आणि हुकला. पुन्हा उडवली, पुन्हा हुकला. तिसऱ्यांदा तर विटी त्याच्या नाकावरच बसली!

मी पदर खोचला. इस्लामपूरच्या मुलींच्या शाळेत माझा टोला शिक्षकांच्या खोलीपर्यंत जायचा. इथे तो शेजारणीच्या टोमॅटोच्या वाफ्यात गेला. डोनल बराच वेळ तिकडे बघत राहिला.

"मिसेस जे, आमच्या सिलेक्टरांना तुमचं नाव कळवू का?"

*

तळघरात तिन्ही मजल्यांना मिळून एकच वॉशिंग मशीन होतं. एका रविवारी डोनलनं आपली चिखलानं माखलेली हिरवी जर्सी आमच्या कपड्यांत टाकून दिली. आत प्रकाशचे तिन्ही पांढरे शर्ट होते आणि सोमवारी त्यांचं गाइडसमोर प्रेझेंटेशन!

प्रकाश पोपटी शर्ट घालून गेले. डोनल दिवसभर माझ्या दारात अपराधी चेहरा करून उभा. संध्याकाळी प्रकाश हसत आले. गाइडची आजी आयर्लंडची निघाली! त्यांनी प्रेझेंटेशनपेक्षा शर्टाचंच जास्त कौतुक केलं म्हणे.

तेव्हापासून ती जर्सी धुवायचं काम मी माझ्याकडे घेतलं. विषाची परीक्षा कोण घेणार?

*

डोनलकडे अमेरिकेत राहायची कागदपत्रं नव्हती. आला होता पाहुणा म्हणून आणि राहून गेला होता. त्यामुळे दार वाजलं की त्याचा जीव वरखाली व्हायचा. एकदा खाली सूटबूटवाला माणूस दिसला, तसा हा मागच्या जिन्यानं थेट माझ्या स्वयंपाकघरात आला.

"मी इथे काम करतो असं सांगा!"

"मग कर काम," म्हणून मी त्याच्यापुढे कोथिंबिरीच्या दोन जुड्या टाकल्या आणि दार उघडायला गेले. तो माणूस व्हॅक्यूम क्लीनर विकायला आला होता. त्याला कटवून परत येते, तर डोनलनं सगळी कोथिंबीर निवडून ठेवलेली. काड्या नीट एका वाटीत आणि पानं कचऱ्यात! कोथिंबिरीसाठी तेव्हा तासभर ड्राइव्ह करून जावं लागायचं. पण तो अजून दाराकडेच बघत होता. मी मुकाट्यानं चहा टाकला.

*

कागद नाहीत म्हणून त्याच्या नावावर फोनही नव्हता. मी म्हटलं, त्यात काय! आमच्या इस्लामपुरात अख्ख्या आळीत एक फोन. सगळे तोच नंबर द्यायचे आणि पुढे पीपी, म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, असं लिहायचे. दे आमचा नंबर घरी.

गंमत म्हणजे त्याच्या वडिलांकडेही फोन नव्हता! ते गावातल्या नोराच्या दुकानातून करायचे. म्हणजे इकडे पीपी, तिकडेही पीपी! दर सोमवारी आमच्या सकाळच्या अकराला, त्यांच्या दुपारी चारला फोन वाजायचा. तेव्हा डोनल कुठल्यातरी छपरावर असायचा. मग रविवारच्या मॅचचा रिपोर्ट मीच द्यायची. चेंडू गोलच्या आडव्या दांड्याखालून गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. वरून गेला तर एक. हे मला वडिलांनीच फोनवर शिकवलं. मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणायची. ते सगळं एका वहीत लिहून घ्यायचे. मागून नोरा ओरडायची, "मिसेसला विचारा, तिकडे पाऊस आहे का!"

*

एका रविवारी डोनलचं बोट सुजलं होतं, त्याला बाहेरच बसवलं. मला म्हणाला, "मिसेस जे, वडिलांना सांगू नका. काळजी करतील. तीन गुण मारले म्हणा."

सोमवारी मी ठोकून दिलं, "तीन गुण! फार छान खेळला!"

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग काकांनी सहज विचारलं, "जर्सी मळली होती का?"

मी धुण्यातली बाई. सवयीनं बोलून गेले, "नाही हो, या वेळी अगदी स्वच्छ होती!"

पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला.

"काय दुखावलंय त्याचं?" काका म्हणाले.

मी सगळं सांगून टाकलं. पुढे कधीही त्यांच्याशी खोटं बोलले नाही.

*

मग एका मे महिन्यातल्या सोमवारी काकांचा आवाज वेगळाच लागला. जिल्ह्याच्या हर्लिंगच्या संघात डोनलसाठी जागा होती, पण राखीव म्हणून. यायचं असेल तर पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचं. "'ये' असं मी त्याला म्हणत नाही," काका म्हणाले, "निरोप तेवढा द्या." थोड्या वेळानं म्हणाले, "त्याला जिल्ह्याच्या जर्सीत बघून तीन वर्षं झाली."

संध्याकाळी मी डोनलला शब्द न् शब्द सांगितला. तो जिन्याच्या पायरीवर बसला. गेला तर परत अमेरिकेत येता येणार नव्हतं. इथे काम होतं, तिकडे काही नव्हतं. आणि एवढं करून राखीव! मैदानात उतरवतील की नाही, कोण सांगणार?

"मिसेस जे, तुम्ही काय केलं असतं?"

माझ्या धाकट्या भावाचं लग्न मी फोटोत पाहिलं होतं. तिकिटाची सोय झाली नव्हती. मी म्हटलं, "माझं काम निरोप द्यायचं रे. उत्तर तुझं." आणि वर येऊन भांडी घासता घासता खूप रडले. प्रकाशनं विचारलं तर म्हटलं, कांदा चिरला. त्या दिवशी जेवायला दहीभात होता!

पुढच्या सोमवारी डोनल कामावर गेला नाही. अकरा वाजता फोन वाजला तसा त्यानंच उचलला. म्हणाला, "बाबा, मी येतोय."

जाताना काठी माझ्या हातात दिली. "तिकडे दुसरी मिळेल. शेजारणीच्या टोमॅटोंना सांभाळा."

*

त्यानंतर सोमवारचे फोन थांबले. त्यांना आता कुणाचा रिपोर्ट हवा होता? अकराच्या सुमारास मी उगाचच फोनजवळचा ओटा पुसत बसायची.

त्यांच्या जिल्ह्याची मोठी मॅच जुलैत होती, हे डोनल जातानाच सांगून गेला होता. त्या रविवारी माझं कशात लक्ष नव्हतं. प्रकाश म्हणाले, "अगं, राखीव आहे तो. अपेक्षा ठेवू नकोस." मी कसली ठेवतेय! रात्रीच्या भाजीत मीठ दोनदा पडलं.

सोमवारी बरोबर अकराला फोन वाजला.

"मिसेस," काका म्हणाले. आज मागून नोरानं पाऊसही विचारला नाही.

"हरलो आम्ही," ते म्हणाले.

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"काका," मी पहिल्यांदाच त्यांना तसं म्हटलं, आणि त्यांनीही अर्थ विचारला नाही. "काका, जर्सी मळली होती का?"

"चिखलासकट खुंटीला टांगलीय," ते म्हणाले. "त्याची आई कालपासून मागतेय. मी धुऊ देत नाही."