निळा कोपरा

माझा बॅनर मलाच उतरवायला लावला.

अॅमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्टमधला भाड्याचा हॉल. मराठी मंडळाचा गणपती. आरती झालेली, लोक मोदकांच्या रांगेत. माझं वजन उतरवणं चाललेलं, म्हणून माझ्या हातात नुसतं गरम पाणी. स्टेजमागे भिंतभर माझा फोटो, ग्लव्ह्ज घालून हात वर केलेला. खाली भगव्या अक्षरांत: मराठ्यांची वाघीण.

"तूच चढ ना शिडीवर," मंडळाचे अध्यक्ष नितीनदादा म्हणाले. "डुगडुगते ती. आमचं वजन नाही पेलायची. तू आपली फ्लायवेट."

आजूबाजूचे हसले. मी चढले. हो, चढले. मोठ्यांनी सांगितलं की मुकाट उठायचं, ही सवय अंगात मुरलेली असते.

थोड्या वेळापूर्वी हेच लोक माझ्यासोबत सेल्फी काढत होते.

स्लोटरडाइकच्या एका ऑफिसात मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. संध्याकाळी ट्रेनने द हेगला, कोचच्या जिममध्ये. एक्कावन्न किलोच्या आतल्या बायकांच्या प्रोफेशनल फाइट्स खेळते. आमच्या या धंद्यात एक रीत आहे. छोट्या बॉक्सरने आपला प्रेक्षक आपणच आणायचा. जिची तिकिटं खपतात ती लाल कोपऱ्यात, घरची म्हणून. जिची खपत नाहीत ती निळ्यात. निळ्यातली हरायलाच आणलेली असते. कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. मी कायम निळ्यातच उभी राहिले होते.

गणपतीनंतरच्या फाइटसाठी नितीनदादांनी दोन रांगा बुक केल्या आणि मला पहिल्यांदा लाल कोपरा मिळाला. "आपली पोरगी आहे!" म्हणाले. परदेशात 'आपली' हा शब्द कानावर पडला की माणूस पाघळतो. मीही पाघळले. वाघीण हे नाव त्यांनीच ठेवलं. आमचं आडनाव मराठ्यांतही असतं आणि आमच्यातही. त्यांनी परस्पर काय ते ठरवून टाकलं. मला कुणी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी विचारलं. पुण्याहून मुलाकडे आलेले एक काका बॅनर बघून जाम खूश झाले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वा गं वाघिणी! कुलदैवत कोणतं तुमचं? भवानी असणार!"

"आम्ही बौद्ध, काका."

खांद्यावरचा हात निघाला. "चांगलं आहे, चांगलं आहे," म्हणत काका सरकले. मग कमिटीची कुजबुज. मग नितीनदादा आणि शिडी.

"दोघातिघांना ऑब्जेक्शन आहे," ते खालून सांगत होते. "मला व्यक्तिशः काही नाही गं. माझे कितीतरी मित्र आहेत तुमच्यातले."

मी एक गाठ सोडली. बॅनर अर्धा लोंबला.

"फाइटला आम्ही येणारच. फक्त उद्या कुणी विचारलं तर तुळजाभवानी सांग. तेवढ्याने काय बिघडतंय? खेळात जात कशाला आणायची?"

घ्या! जात मी आणली!

आईशप्पथ सांगते, नाकावर बसलेला ठोसाही मला एवढा लागला नव्हता. माझी आई परभणीला अंगणवाडीत मदतनीस. शाळेत जाताना वेणी घालता घालता बजावायची, "विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तरी सांगायचं." मी दोन रांगांसाठी गप्प राहिले होते. लाज वाटली मला. मग डोकंच फिरलं.

दुसरी गाठ सोडली नाही. बॅनर तसाच लोंबता ठेवून खाली उतरले.

"नाही सांगणार," मी म्हटलं. "आणि उरलेला तुम्ही उतरवा."

"मग तिकिटांचं अवघड होईल बघ."

"होऊ दे."

झालंच. दोन्ही रांगा परत आल्या. फाइट भरवणाऱ्या प्रमोटरने मला लालमधून काढून पुन्हा निळ्यात टाकलं. निळा. आमच्या वस्तीतल्या झेंड्याचा रंग. हे इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

कोच भडकला. साठीचा सुरिनामी माणूस, त्याला कशाची टोटल लागेना. "तुझेच लोक ना ते?" त्याने विचारलं.

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हटलं.

फाइट झाली. अख्ख्या हॉलमध्ये माझ्यासाठी एकटा कोच ओरडत होता. माझा ओठ फाटला. समोरचीचा डोळा मी सुजवला, एकदा गुडघ्यावर आणली तिला. तरी गुणांवर तीच जिंकली. घरची होती ना.

प्रमोटरने व्हिडिओ टाकला, तो बराच फिरला. लगेच नितीनदादांचा फोन. "काय खेळलीस गं! आपली पोरगी! पुढच्या फाइटला परत बॅनर लावू या. झालं गेलं विसरून जा."

"लावा. ते वाघीणबिघीण काढा. 'बौद्धाची लेक' लिहा, मोठ्या अक्षरांत. आणि शिडीवर तुम्ही चढा."

मग म्हणाले, "बघतो, कमिटीत विचारून."

विचारा. बसा विचारत.

पुढची फाइट ठरली आहे. अनाउन्सरने टोपणनाव मागितलं, मी 'बौद्धाची लेक' सांगितलं. डच माणूस, जीभ वळत नाही त्याची. मी घोकून घेतेय त्याच्याकडून. प्रमोटरलाही सांगून ठेवलंय, निळा द्या. तिकिटं खपली तरी निळाच. हरायला आणलेल्यांच्या कोपऱ्यातूनच जिंकायचंय मला.