अंगरखा नसलेली मिरची

ज्या विषयावर डॉन सिप्रियानो लुना यांना मत नाही, असा विषय पुएब्ला शहरात अजून निघायचा आहे. 'डॉन' हे तिकडे नुसतं मानाचं, त्यांचा धंदा किल्ल्या बनवण्याचा. पण गिऱ्हाइकाला आधी मत मिळतं, मग किल्ली. बायको गेल्यापासून दुपारी ते दुकानासमोरच्या एर्लिंदाबाईंच्या खाणावळीत जेवतात. बसतात दाराकडे तोंड करून. दुकानावर लक्ष राहतं, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात दुकानाकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. कोण आलं आणि त्यानं काय मागवलं, हे बघतात.

त्यांचं सगळ्यात ठाम मत भरल्या मिरचीबद्दल. ऑगस्टात ओले अक्रोड आणि डाळिंबं बाजारात आली की सगळं शहर या मिरचीच्या मागे लागतं. जाड हिरवी मिरची, पोटात खिमा, सफरचंद, नासपती, पीच. वरून अक्रोडाचं पांढरं वाटण आणि डाळिंबाचे दाणे. इथवर कोणाचं भांडण नाही. भांडण एवढंच, की वाटण ओतण्याआधी मिरची फेटलेल्या अंड्यात बुडवून तळायची की नाही. डॉन सिप्रियानोंच्या मते यात भांडण्यासारखं काही नाहीच.

"अंड्याचा अंगरखा नसलेली मिरची राजधानीतले लोक खातात," ते सांगत. "त्यांना कायम कुठंतरी पोचायची घाई असते."

खाणावळीत मोसमातली पहिली मिरची त्यांच्यापुढे यायची. त्यांनी मान डोलावली की मग बाकीचे मागवत. हा मान त्यांना कोणी दिला, कोणाला आठवत नाही. बहुधा त्यांनीच घेतला असावा.

यंदा एर्लिंदाबाईंचा खांदा धरला आणि चूल सुनेकडे गेली. सून इत्सेल, राजधानीची. तिनं येताच जाहीर केलं, अंड्यात काही बुडवणार नाही, फळांची चव मरते. सासू म्हणाली, "जिचा हात, तिचं चालणार." इत्सेलनं गल्लीला पुरतील एवढ्या मिरच्या भाजल्या, अक्रोड एकेक करून सोलले, त्यात तिची नखं काळी पडली. डॉन सिप्रियानोंनी ताट बाजूला सारलं असतं तर सगळ्यांनी सूप मागवलं असतं, आणि सुनेनं खाणावळ बुडवली हे संध्याकाळपर्यंत चर्चच्या पायऱ्यांवर पोचलं असतं.

ताट आलं. त्यांनी सुरीच्या टोकानं वाटण बाजूला सारलं आणि कुलुपात डोकावावं तसं आत पाहिलं.

"पोरी, हिचा अंगरखा कुठाय?"

"उकडतंय ना, डॉन सिप्रियानो. काढून ठेवला."

शेजारच्या टेबलावरचे बाल्तासार मास्तर पाणी पिता पिता हसले आणि त्यांना ठसका लागला.

"तुम्हाला खायचं नसेल तर ताट इकडे द्या," गल्ल्यावरून एर्लिंदाबाई म्हणाल्या. "पण न खाता बोलायचं नाही. इथं तर नाहीच."

हे त्यांना पटलं. नावं ठेवायची तर चाखून ठेवावीत. त्यांनी एक घास घेतला, खोड सापडेना. दुसरा घेतला, खात्री करायला. मग नासपतीचे तुकडे मोठे आहेत का, हे बघायला आणखी काही. मिरची संपली, तेव्हा तपास पावाच्या तुकड्यानं ताटाच्या कडेपर्यंत गेला.

खाणावळीत कोणीच काही मागवलेलं नव्हतं. इत्सेल पुसून झालेला पेला पुन्हा पुसत होती.

डॉन सिप्रियानोंनी ताटाकडे पाहिलं. छान म्हणावं, तर आयुष्यभराचं बोलणं मातीत. मास्तर हे त्यांच्या मयतालासुद्धा काढणार. वाईट म्हणावं, तर लख्ख ताट समोर साक्षीला.

"चांगलंय," ते म्हणाले. "पण ही ती मिरची नव्हे."

"मग काय आहे रे?" मास्तरांनी विचारलं.

"एका ताटात कसं कळणार? उद्या परत बघावं लागेल."

"ऐक गं पोरी," मास्तर ओरडले, "ते जे काय आहे ना, ते मलाही एक!"

मागच्या टेबलावरून आणखी दोन मागण्या आल्या. इत्सेलनं पेला ठेवला आणि ती आत पळाली. एर्लिंदाबाई दुखरा खांदा धरून हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी डॉन सिप्रियानो आले, तिसऱ्या दिवशीही. सप्टेंबर सरला, बाजारातली डाळिंबं संपत आली, तपास चालूच होता. मत मात्र तसूभर हललं नाही. दुकानात आजही कोणी विचारलं, की खरी मिरची कुठं मिळते, तर ते रस्त्यापलीकडे बोट दाखवतात.

"तिथं मुळीच मिळत नाही," ते बजावतात. "लवकर जा, संपते."