प्लास्टिकमधली डमी

कोऱ्या प्लास्टिकचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. चंद्रपूरकडच्या एका दवाखान्यात, कॅज्युअल्टीत, मी शिकाऊ नर्स होते. बंद पडलेलं हृदय छाती दाबून कसं चालू करायचं हे शिकवायला एक डमी आली होती. स्टोअरच्या बाईंनी ती प्लास्टिकसकट कपाटात घालून कुलूप लावलं. "इन्स्पेक्शनले दाखवाची हाय, तुमी खराब करसान," म्हणाल्या. आम्ही भिंतीवरच्या चित्रावरून शिकलो. एका दुपारी सावली गावाहून आलेला माणूस बाकावरच कोसळला. दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेले डॉक्टर तिथूनच ओरडले, "छाती दाब!" मी दाबत होते, पण किती खोल दाबायचं ते हातांना ठाऊकच नव्हतं, बरगडी मोडेल म्हणून भीत भीत दाबत राहिले. डॉक्टर धावत आले तोवर तो गेला होता. त्याच्या बायकोनं माझे हात पाहिले आणि हळूच विचारलं, "बाई, तुमी माह्या माणसावर शिकून राह्यल्या होत्या का?" पुढच्याच आठवड्यात इन्स्पेक्शनच्या साहेबांनी ते कपाट उघडून शाबासकी दिली, वस्तू किती जपून ठेवलीय म्हणून! आता मी शिकवते. माझ्या डमीची छाती दोनदा फाटलीय, दोनदा शिवलीय. स्टोअरमधून खुलासा मागतात, तेव्हा मी एकच ओळ लिहून पाठवते: वापरून फाटली.