रोमन चिलखतातला जावई

रेगेन्सबर्गला येऊन मला तीन वर्षं झाली होती आणि माझं जर्मन अजून बेकरीपलीकडे गेलं नव्हतं. ऑफिसात सगळं इंग्रजीत चालायचं. बाहेर कोणी काही बोललं, की मी मान डोलवून "या, गेनाऊ" म्हणायचो, म्हणजे "हो, अगदी बरोबर". समोरचा खूश व्हायचा आणि मला जर्मन येतं असा घरात समज झाला होता. तो मी कधी खोडून काढला नाही.

त्या उन्हाळ्यात सासरे पुण्याहून महिनाभर राहायला आले. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. एका रविवारी त्यांना आणि माझ्या सात वर्षांच्या लेकीला घेऊन मी रोमन किल्ला बघायला निघालो. रोमन साम्राज्याच्या सरहद्दीवरची एक छावणी जुन्या पायावर पुन्हा उभारून तिथे म्युझियम केलं होतं. गाडीत मी सह्याद्रीतल्या गडांवर तासभर बोललो आणि कॉलेजात असताना कुठले कडे चढलो तेही सांगितलं. प्रत्यक्षात किल्ला निघाला सपाट जमिनीवर, मक्याच्या शेताला लागून. तरी पार्किंगपासून वेशीपर्यंत जाताना मला धाप लागली.

गाईड म्हणून खड्या आवाजाच्या एक बाई होत्या. त्या बोलायच्या आणि मी सासऱ्यांना मराठीत सांगायचो, बहुतेक मनानेच.

"ही भिंत दोन हजार वर्षांपूर्वीची आहे, बाबा."

त्यांनी दगडांमधल्या सांध्यावरून अंगठा फिरवला. "सिमेंट ताजं दिसतंय."

"रोमन लोकांचं काम असंच पक्कं असायचं."

"नाइन, पापा," लेक म्हणाली. "डास इस्ट नॉय." नाही, हे नवीन आहे, एवढं मलाही कळलं.

सासरे पुढचा सांधा बघू लागले. मी मात्र पुढे सरकून गाईडबाईंच्या अगदी समोर उभा राहिलो आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवू लागलो. एकदा त्यांनी माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. मी म्हणालो, "या, गेनाऊ." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग त्यांनी टेबलावरून लोखंडी कड्यांचं चिलखत उचललं आणि माझ्या डोक्यातून घातलं. खांदे एकदम खाली गेले. वर शिरस्त्राण आलं, हातात ढाल आली, आणि ऐन उन्हात मला चौकाला फेरी मारायला लावली. बाई हुकूम सोडत होत्या. त्या उजवीकडे म्हणाल्या की मी डावीकडे वळायचो. शेवटी लेक माझ्यापुढे चालू लागली आणि मी तिच्यामागून.

चिलखत उतरवताना कडी सकाळच्या गारव्यासाठी घातलेल्या स्वेटरात अडकली. मी ओणवा, हात जमिनीकडे, डोकं लोखंडात. बाई एकीकडून ओढत होत्या, दुसरीकडून सासरे. "जावईबापू, श्वास सोडा," ते शांतपणे म्हणाले. मी सोडला. मी बाहेर आलो, स्वेटर मात्र आतच राहिला.

मी बनियनवर बाकावर बसलो आणि ती दोघं पुढे गेली. घरी मराठीत विचारलं तरी जर्मनमध्ये उत्तर देणारी माझी लेक आजोबांचा हात धरून सांगत होती, "आजोबा, हे घोडाचं घर आहे. इथे शिपाई झोपते." आजोबा तिची एकही चूक न सुधारता पुढचा प्रश्न विचारत होते, आणि ती पाट्या वाचून, शब्द शोधत उत्तर देत होती. मला त्या दोघांचा हेवा वाटला, आणि बनियनमुळे उठून जवळही जाता येईना.

परतताना सासरे म्हणाले, "तुम्हाला इथे काम फार. भाषा शिकायला वेळ कुठला मिळणार." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात मी संध्याकाळच्या जर्मन वर्गाला नाव घातलं. चाचणी घेऊन त्यांनी मला सगळ्यात खालच्या वर्गात बसवलं. घरी मी सांगितलं, की वरच्या वर्गात जागा शिल्लक नव्हती.