करवती किनारीचा शेवटचा हात

माघात दादा गेला आणि मी देवीवर रुसले. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात मी पेशंटची नावं लिहून घेते. किती माणसं तिथून बरी होऊन घरी जाताना पाहिली, आणि माझा धडधाकट भाऊ मात्र चार दिवसांच्या तापात गेला. त्यानंतर मी गल्लीतल्या देवळात पाऊलच टाकलं नाही.

दादा विणकर. इतवारीमागच्या आमच्या गल्लीत शेवटचा हातमाग त्याचाच उरला होता. चैत्रातल्या अष्टमीला देवीला नेसवायचं लुगडं दरवर्षी तो विणायचा. पूजेला मात्र कधी धड दोन मिनिटं उभा राहिला नाही. "वर्षभर तिच्याच संग बसून राहिलो ना मी," म्हणायचा आणि हसायचा. असा माझा दादा! यंदाचं लुगडं मागावरच राहिलं, हातभर विणायचं बाकी.

"जेवढं झालं तेवढं कापून वाहू ना, ताई," वहिनी म्हणाली. मला ते सोसेना. दादाचं काम अर्धवट कापायचं? अष्टमीच्या आधी दोन दिवस रजा टाकली आणि मी मागावर बसले. देवीवर रुसलेली मी तिचंच लुगडं विणत होते, पण ते दादासाठी, असं मी स्वतःला बजावलं.

त्या लुगड्याची किनार करवती, करवतीच्या दातांसारखी. तिला आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात: दोन किनारींचे दोन आणि मधल्या पोताचा एक. दर फेरीला किनारीचा धागा पोताच्या धाग्यात अडकवावा लागतो, म्हणून शेजारी दुसरं माणूस बसतं. लहानपणी दादाशेजारी मीच बसायची. त्याचा हात माझ्याकडे यायचा, "दे वं!" आणि मी धोटा द्यायची. मला वाटायचं, देण्यात काय मोठंसं? म्हणून आता वहिनीलाही न बोलावता दोन्ही बाजू एकटीनेच सांभाळायला गेले. वीतभर विणून पाहते तर उजवी किनार पोतापासून सुटलेली! धागे अडकवायचेच राहिले होते. दीड दिवसाची मेहनत पाण्यात. सगळं उसवलं आणि त्याच्या मागावर डोकं टेकून मी रडले.

अष्टमी उजाडली. आरती दुपारी बाराला. सकाळी सातला मी पुन्हा बसले आणि पुन्हा चुकले. तेवढ्यात दारात आवाज आला.

"एकटीनं करवती किनार जमते का वं बाई?"

दारात एक म्हातारी उभी होती. भिवापूरची मिरची विकत गल्लीत फिरत होती, डोक्यावर गाठोडं. मागाचा आवाज चुकतोय हे तिला रस्त्यावरूनच कळलं म्हणे! मी काही बोलायच्या आत तिनं गाठोडं खाली ठेवलं, हात धुतले आणि माझ्या उजवीकडे येऊन बसली. "चाल, टाक धोटा."

मी टाकला. तिनं तो झेलला, धागा अडकवला, परत पाठवला. किनारीला एक दात बसला. मग दुसरा. मग तिसरा! माग तालावर आला, तसा माझा जीवही तालावर आला. मिरचीच्या ठसक्यानं आम्ही दोघी शिंकत होतो, हसत होतो, विणत होतो. वहिनी दारात उभी राहून घड्याळ पाहत होती. त्या भरात माझा हात आपोआप पुढे गेला आणि तोंडून निघालं, "दे वं!"

एवढ्या वडीलधाऱ्या बाईला हे काय बोलले! मी ओशाळून थांबले. म्हातारीचे डोळे भरले होते. "थांबू नोको," ती म्हणाली. "उमरेडले माहा भाऊ असाच म्हने. तो गेला अन् मले कोनं मागापाशी बसवलंच नाही. आज कोनं बसवलं, कोनाले मालूम."

साडेअकराला शेवटचा दात बसला. लुगडं मागावरून उतरवून मी देवळाकडे धावलेच. चपला घालायच्याही राहिल्या. म्हातारीला म्हटलं, "चला ना." ती म्हणाली, "तू पुढं हो, मी गाठोडं घेऊन येतो." आरतीच्या गर्दीत ती दिसली नाही. ती कोण, कशी नेमकी त्याच दिवशी आली, यावर मी वाद घालत नाही. ती आली, एवढं मला पुरतं.

पुजाऱ्यांनी देवीला लुगडं नेसवलं. वरचे सगळे दात दादाचे, सरळ, एकसारखे. खाली पायांपर्यंत सोडलेल्या पदराच्या टोकाला हातभर माझे, थोडे वाकडे, पण पोताला घट्ट धरून. कुठे दादा थांबला आणि कुठे मी सुरू झाले, ते मला लांबून दिसत होतं आणि आनंदानं छाती भरून येत होती. दादा, झालं रे पूर्ण!

आजवर मागावर मी धोटा द्यायचंच काम केलं होतं. हात पुढे करून समोरच्यावर विसंबायचं काम दादाचं होतं, आणि तेच अवघड होतं, हे त्याच्या जागी बसल्यावर कळलं. घंटा वाजत होत्या. दोन महिन्यांचा रुसवा घेऊन मी देवीपुढे उभी होते. नमस्कारासाठी हात जोडायला गेले, पण ते जुळलेच नाहीत. दादासारखा उजवा हात तिच्यापुढे केला आणि म्हणाले, "दे वं."